नाझऱ्यांचा हात

एक

शुक्रवारी सकाळी तळवड्यातल्या त्या गल्लीत एकेक शटर वर जात होतं, लेथ सुरू होत होते, आणि शेवटच्या गाळ्यातून एक माणूस धडपडत बाहेर आला आणि नाल्याच्या कडेला बसून ओकला. तो सुजित अंबुरे. आत त्याचे गुरू उद्धवराव नाझरे मरून पडले होते.

उपनिरीक्षक वर्षाली काळोखे पोचली तेव्हा गल्लीतले सगळे कामगार दाराशी जमले होते. हवालदार दत्तोबांनी त्यांना मागे सारलं. आत छताच्या लोखंडी तुळईला साखळीची चेन पुली लटकत होती. तिच्या आकड्यात एकच पट्टा अडकलेला होता, दुसरा सुटलेला. खाली दोन कपाटांएवढा शिसवी ऑर्गन तिरपा कोसळला होता, आणि त्याच्याखालून म्हाताऱ्याचे फक्त पाय बाहेर आले होते. एका पायातली चप्पल अजून जागेवर होती.

नाझऱ्यांचं नाव वर्षालीला माहीत होतं. शहरात ते कुणाला माहीत नव्हतं? सांगोल्याकडून आलेला हा माणूस आकुर्डीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला. शिफ्ट संपली की संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचा. नाटक कंपन्या बुडाल्या तेव्हा बाकीचे साथीदार घरी बसले. यांनी ऑर्गन रंगमंचाच्या मधोमध ओढला आणि एकट्याने वाजवायला सुरुवात केली. परदेशवाऱ्या झाल्या. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गोदामांतून, चर्चच्या माळ्यांवरून मोडके ऑर्गन आणून ते या गाळ्यात नवे करायचे. भात्याचं चामडं बदलायचे, पितळी सूर स्वतः कानशीने घासून लावायचे. शिकवायचेही. शिकवताना चूक झाली तर ऑर्गनचं झाकण शिष्याच्या बोटांवर पाडायचे, असं लोक कौतुकाने सांगत.

"काल गुरुवार, गल्लीला सुट्टी," सुजित सांगू लागला. चाळिशी ओलांडलेला, चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला काम करणारा माणूस. लातूरकडची बोली अजून पुरती पुसली नव्हती. "आम्ही दोघंच होतो. दुपारनंतर मी निघालो. सरांच्याच घरी आकुर्डीला पोरांचा क्लास असतो, तो मी घेतो. मी निघालो तेव्हा सर वाजवत बसले होते. नंतर एकट्यानेच हा उचलायला गेले असतील."

"रात्री घरी आले नाहीत, तर कुणी चौकशी नाही केली?"

"कामात असले की इथंच झोपायचे."

गल्लीच्या तोंडाशी राखणदार गेनू बसायचा. इथल्याच गावचा म्हातारा. जमीन कारखान्यांत गेली आणि तो त्याच जमिनीची राखण करत बसला. त्याने सुजितचं म्हणणं उचलून धरलं.

"सुजितदादा गेलं तवा पेटी वाजतच व्हती, बाई. दादांनी मला तंबाकू बी दिली. मंग कुनीबी आत गेलं न्हाई, भाईर आलं न्हाई. ह्या गल्लीला दुसरी वाट न्हाई."

दत्तोबांनी वही मिटली. "अकस्मात मृत्यू, मॅडम. म्हातारपणी हौस नडली."

वर्षालीलाही तसंच वाटत होतं. भिंतीपाशी नाझऱ्यांचा स्वतःचा वाजवायचा ऑर्गन होता, त्याशेजारी मोठा स्पीकर आणि जुना ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता, आवाजाचं बटण पुरतं उजवीकडे पिळलेलं. त्यात काहीच लावलेलं नव्हतं. तिने तो बंद केला आणि पंचनामा करायला सांगितलं.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचा फोन आला. "छातीच्या दाबाने गेले, त्यात काही शंका नाही. वेळ नक्की सांगता येणार नाही, दुपार ते संध्याकाळ धरा. पण मॅडम, तुम्ही या माणसाचे हात पाहिलेत का?"

दोन

हात पाहायला ती स्वतः गेली. बोटांची पेरं गाठी येऊन फुगली होती, आणि दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, वाऱ्याने झुकलेल्या ज्वारीसारखी.

"संधिवात," डॉक्टर म्हणाला. "आजकालचा नाही. या हातांनी शर्टाची बटणंही लागत नसतील."

"हे मोठे ऑर्गनवादक होते."

"असतील. गेली दोन-एक वर्षं तरी नसणार."

वर्षाली तशीच हिंजवडीला गेली. वाटेत कंपन्यांच्या कॅबच्या गर्दीत अडकली तेव्हा विचार करायला हवा तेवढा वेळ मिळाला. गुरुवारी दुपारी गल्लीत आणखी एक माणूस येऊन गेला होता, हे गेनूनेच सांगितलं होतं: समर्थ कुलथे, जुन्या लाकडी वस्तूंचा व्यापारी. नाझऱ्यांशी त्याचं भांडण गल्लीभर ऐकू गेलं होतं.

समर्थचं दुकान काचेचं, थंडगार. मधोमध एक ऑर्गन उभा होता. वर्षाली जवळ गेली तर आत भाता नव्हता, सूर नव्हते. पट्ट्यांच्या जागी काचेचे कप्पे आणि दारूचे ग्लास.

"बार काउंटर," समर्थ खुशीत म्हणाला. "हॉटेलवाले वेडे होतात. आत काय, नुसता कचरा असतो. भंगारवाला किलोवर नेतो. नाझरे हे ऐकून मला मारायलाच उठले होते. मॅडम, ते गेले, वाईट झालं. पण तो पडलेला पीस कधी सुटेल? शिसवी आहे हो. एक कोपरा फुटला असेल तरी चालेल, पॉलिशमध्ये झाकतो."

"काल तुम्ही कशाला गेला होतात?"

"मापं घ्यायला. ते नाही म्हणत होते, पण म्हटलं, आज ना उद्या विकतीलच. टेप लावून उंची-रुंदी घेतली, तोवर शिव्या खाल्ल्या."

"उंची कशी घेतलीत? तो वर टांगलेला होता ना?"

"टांगलेला? छे. चांगला जमिनीवर उभा होता. सुजित शेजारी बसून चहा पीत होता. नाझऱ्यांनीही घेतला. दोन्ही हातांत कप धरला तरी अर्धा अंगावर सांडला. मला वाटलं, माझ्या रागाने थरथरतायत."

बाहेर येऊन वर्षाली जीपमध्ये बसली, पण चावी फिरवली नाही. ज्याला चहाचा कप धरता येत नव्हता, त्याने साखळी ओढून तेवढा ऑर्गन वर कसा घेतला?

तीन

आकुर्डीतलं नाझऱ्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सुमनताई पांढऱ्या सुती साडीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारच्या बाया येत-जात होत्या. सुजित स्वयंपाकघरात कुणाकुणाला चहा गाळून देत होता. वर्षालीने त्याला पाव आणायच्या निमित्ताने खाली पिटाळलं आणि दार ओढून घेतलं.

"काकू, त्यांच्या हातांचं मला कळलंय."

सुमनताईंनी नकार दिला नाही. पदर तोंडाशी नेला. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. लोकांना ते वाजवतानाच आठवू देत."

"किती जणांना माहीत होतं?"

"आम्ही दोघं. आणि सुजित. त्याला न सांगून कसं चालेल? दोन वर्षं त्यांना आंघोळ घालतोय तो. घास भरवलेत त्याने."

"मग नवा अल्बम? ज्याला परवा पुरस्कार जाहीर झाला?"

सुमनताई खिडकीकडे बघू लागल्या. "यांचाच आहे," त्या म्हणाल्या. ते खोटं इतकं घासून गुळगुळीत झालेलं होतं, की दोन वर्षांत ते किती वेळा बोललं गेलं असेल हे वर्षालीला त्यावरूनच समजलं.

"काल संध्याकाळी सुजित इथं क्लासला होता?"

"होता ना. अंधार पडेपर्यंत. पोरांना घेऊन बसला होता. मी पोहे केले, दोनदा घेतले त्याने. म्हणाला, काकू, आज भूक फार लागलीय."

वर्षाली जिना उतरू लागली. सुजित पाव घेऊन वर येत होता. त्याने अदबीने बाजूला होऊन तिला वाट दिली.

नाझऱ्यांना वाजवता येत नाही, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलाच एक तिला सांगत होता, की मी निघालो तेव्हा सर वाजवत बसले होते.

पण गेनू खोटं बोलत नव्हता. सुजित त्याच्या समोर तंबाखू मळत असताना गाळ्यातून ऑर्गन ऐकू येतच होता.

चार

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दत्तोबांना घेऊन पुन्हा गाळ्यात गेली. गेनूला त्याच्या खुर्चीवर बसवलं.

"पेटी कधी थांबली होती, आठवतंय?"

"आटवतंय की. लाइट गेली तवा. त्या कोपऱ्यावरचा डीपी फाटकन उडला, पंखं बंद पडलं, आन् पेटी बी थांबली. कापल्यावानी. म्या म्हनलं, सरांना दिसंना झालं आसंल."

"उजेड नव्हता?"

"व्हता की. ऊन उतरायचं व्हतं अजून." गेनू स्वतःच थबकला. त्याने मान खाजवली. "आता तुमी इचारल्यावर मला बी कसंसंच वाटाय लागलं, बाई."

वर्षालीने दत्तोबांना नाझऱ्यांच्या ऑर्गनवर बसवलं. त्यांनी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली होती. पायांनी भाता मारत त्यांनी एका अभंगाची चाल कशीबशी सुरू केली, आणि वर्षालीने गाळ्याचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला. ऑर्गन वाजत राहिला. पायाने चालणाऱ्या वाद्याला विजेचं काय देणंघेणं?

मग तिने दत्तोबांच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह ॲम्प्लिफायरला लावला, आवाज पुरता वाढवला आणि पुन्हा स्विच पाडला. गाणं शब्दाच्या मधेच तुटलं. स्विच वर केला तर नुसता लाल दिवा लागला. पुन्हा बटण दाबल्याशिवाय गाणं सुरू होईना. काल सकाळी तिने स्वतः बंद केलेला दिवा तोच.

बाहेरून गेनू आत आला होता. "ह्ये दुसरं," तो हळूच म्हणाला. "त्या दिशी आसंच झालं व्हतं."

"म्हणजे मॅडम," दत्तोबा स्टुलावरून उठले, "सुजित निघाला तेव्हा म्हातारा मेलेलाच होता, आणि वाजत होतं ते रेकॉर्डिंग?"

"सकाळी प्रेत सापडल्यावर तुझ्याबरोबर आत कोण होतं, गेनू?"

"दादाच. मला म्हनलं, पळ, शेजारच्यास्नी बोलीव. म्या पळालो."

तेवढ्या वेळात सुजितने आपला पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. सगळं जुळत होतं. पण कोर्टात उभं राहण्यासारखं हातात काय होतं? राखणदाराचा कान आणि मेलेल्या माणसाची बोटं. सुजितचा वकील म्हणाला असता, आजारी माणूस एखाद्या दिवशी वाजवूही शकतो, आणि उजेड असो नसो, केव्हाही थांबू शकतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही कोर्टात चालत नाही; त्यातून एखादी वस्तू निघाली तरच उपयोग. पेन ड्राइव्ह तर त्याने केव्हाच नदीत टाकला असणार.

टाकला असेल का? वर्षाली गाळ्याच्या दारात उभी राहून विचार करत होती. त्यात काय होतं, हे आता तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

पाच

सुजितला तिने चौकीत बोलावलं ते एका जबाबावर सही करायची राहिली म्हणून. तो आला, बसला. टेबलावर एक स्पीकर होता. वर्षालीने पुरस्कार मिळालेला अल्बम लावला आणि काही न बोलता ऐकत बसली.

संथ आलापी होती. सूर एकातून एक निघत होते, आणि समेच्या आधी दर वेळी एक सूर जरासा मागे रेंगाळायचा, जीव टांगणीला लावायचा आणि मग अलगद जागेवर यायचा.

"काय हात होता," वर्षाली म्हणाली. "मी दोन-तीन जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, या रेंगाळण्याला 'नाझरे ठेहराव' म्हणतात. सबंध आयुष्य घासल्याशिवाय येत नाही. शिष्यांपैकी कुणाला साधला का, असंही विचारलं."

सुजित मांडीवरच्या हातांकडे बघत होता.

"तुमचं नाव काढलं मी. ते हसले. म्हणाले, सुजित? तो भाते शिवणारा? चांगला माणूस आहे. सरांची सेवा फार केली. पण हातात काही नाही."

जाणकारांचं हे बोलणं तिने रचलेलं होतं. कुणालाही तिने विचारलेलं नव्हतं; ठेहरावाचं नाव तेवढं अल्बमच्या कव्हरवर छापलेलं होतं. समोरच्या माणसाच्या मानेवरची शीर फुगलेली तिला दिसली. तिने आणखी दाबलं.

"खरंच आहे म्हणा. असा हात एकदाच जन्माला येतो. त्यांच्याबरोबर गेला."

"बंद करा ते."

"का? तुमच्या सरांचं आहे."

"ते सरांचं नाही." सुजितने उजवा हात टेबलावर ठेवला. मधल्या बोटाचं टोक चपटं होतं, नख अर्धवट. "चाकणला प्रेसमध्ये चेंगरलंय हे बोट. म्हणून ते उशिरा उतरतं. त्या रेंगाळण्याला 'नाझरे ठेहराव' म्हणतात लोक. ऐका आता, ऐका इथं. आलं ना मागून? हे माझं बोट आहे, मॅडम. यातला एकही सूर सरांचा नाही."

दत्तोबा दाराशी उभे राहून ऐकत होते. वर्षालीने स्पीकर बंद केला.

"गुरुवारी काय झालं?"

आता तो थांबूच शकत नव्हता. "पुरस्काराच्या दिवशी चिंचवडच्या नाट्यगृहात वाजवायचं होतं. मला वाटलं, आता तरी सांगतील. सगळ्यांसमोर नको, पण संयोजकांना तरी. समर्थ गेल्यावर सर म्हणाले, मी पुढं ऑर्गनवर बसतो, तू पडद्यामागं बसून वाजव. हात हलवायचं मी बघतो. मी म्हटलं, सर, एकदा मला पुढं बसू द्या. तर म्हणाले, तू? तुझ्या हाताला अजून प्रेसच्या तेलाचा वास येतो."

"मग?"

"मग म्हणाले, तो पीस वर घे, भात्याखालचं चामडं बघायचंय. मी साखळी ओढली. एका बाजूचा पट्टा आकड्याच्या टोकावरच अडकवला. मुद्दाम. ते उताणे होऊन आत सरकले. आतून म्हणाले, उजेड सोड, मधे उभा राहू नको. मी बाजूला झालो आणि पट्ट्याला धक्का दिला." त्याने ओठ चाटले. "लगेच गेले नाहीत. पाय हलत होते. मी तोवर पेन ड्राइव्ह लावला. आवाज वाढवला, कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून."

"म्हणजे मरताना ते तुमचंच वाजवणं ऐकत होते."

"हो," सुजित म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे दिसलं ते वर्षालीला बघवलं नाही. ते समाधान होतं.

"पेन ड्राइव्ह कुठं आहे?"

"खोलीवर. डब्याच्या पिशवीत."

"फेकला का नाही?"

त्याला प्रश्नच कळेना. "त्यात माझं वाजवणं आहे," तो म्हणाला.

सहा

कोर्टातून कोठडी घेऊन सुजितला परत आणलं, त्या दुपारी सुमनताई चौकीत आल्या. एकट्याच, बसने. त्याला भेटू द्या म्हणाल्या. वर्षालीने कायद्याचं कारण सांगून पाहिलं. त्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी तिनेच त्यांना आत नेलं आणि स्वतः शेजारी थांबली.

सुजित गजांपाशी आला आणि त्यांना बघून खाली बसला. हात जोडले. सुमनताईंनी त्याला शिवी दिली नाही, रडल्या नाहीत.

"यांचा एक निरोप आहे तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पहिलं रेकॉर्डिंग झालं त्या दिवसापासून माझ्यापाशी ठेवलाय. म्हणाले होते, मी जिवंत आहे तोवर त्याला कळता कामा नये, कळलं तर तो निघून जाईल आणि मी उघडा पडेन. मी गेलो की पहिल्यांदा त्याला जाऊन सांग. म्हणून आले."

"काय निरोप, काकू?"

"तू त्यांच्यापेक्षा चांगला वाजवतोस."

कोठडीच्या मागे कुणी तरी नळ सोडला होता. पाणी बादलीत पडत राहिलं.

"असं म्हणाले सर?" सुजितने गज धरले. "म्हणजे कसं म्हणाले? शब्द काय होते? काकू, नक्की शब्द काय होते?"

सुमनताई मागे सरल्या. पदर नीट केला. "निरोप पोचवला," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. तो मागून हाका मारत राहिला. काकू, एकदाच सांगा. त्यांनी वळून पाहिलं नाही.

फाटकापाशी वर्षालीने त्यांना गाठलं. "खरंच म्हणाले होते ते?"

"खोटं कशाला सांगू? रेकॉर्डिंग ऐकलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. म्हणाले, सुमन, या पोरापुढं माझं सगळं वाजवणं म्हणजे कंपनीचा भोंगा. चाळीस वर्षं मी जे शोधत होतो ते याच्या चेंगरलेल्या बोटात निघालं." उन्हात त्यांचे डोळे बारीक झाले होते. "मी कितीदा म्हटलं, सांगून टाका त्याला. नाही म्हणजे नाही."

"हे शब्द सांगू त्याला?"

सुमनताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हलकाच, आईने ठेवावा तसा.

"जन्मभर विचारत बसू दे," त्या म्हणाल्या. मग आकुर्डीची बस कुठं मिळेल ते विचारून रस्ता ओलांडून गेल्या.

वर्षाली आत आली. सुजित गजांना चिकटून उभा होता. चपट्या टोकाचं बोट लोखंडावर आपसूक वरखाली होत होतं.

"मॅडम, काकू काय म्हणाल्या बाहेर? शब्द सांगितले का?"

वर्षालीने टेबलावरची फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"बसची चौकशी करत होत्या," ती म्हणाली आणि लिहायला लागली.